खेकड्याची चेन

आमच्या गॅरेजात बोलण्याआधी हात चालायचा. आबांनी फेकलेला पाना कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला, की समजायचं, आपण नट उलटा फिरवतोय. तो पाठीत बसला, की समजायचं, कालही उलटाच फिरवला होता. आबा म्हणजे गॅरेजचे मालक. मूळचे धुळ्याकडचे, बोलणं सगळं अहिराणी, आणि थापड अशी की त्या बाजूने भाकर चावायची सोय राहायची नाही.

"डोया शेतस का बटणं शेतस रे, कोकण्या?" डोळे आहेत की बटणं, असं विचारायचे, आणि मी तोंड उघडायच्या आत एक ठेवून द्यायचे.

तरी मी त्या माणसाचं वाईट कधी चिंतलं नाही. कसं चिंतणार? शाळा माझी सातवीत सुटली. मास्तरांची छडी माझ्या हातावर मोडली आणि नवी तोडून आणायला त्यांनी मलाच निरगुडीच्या बेटाकडे पिटाळलं. मी गेलो तो वर्गात परत आलोच नाही. समुद्रकाठचं गाव सोडलं आणि आंब्याच्या ट्रकवर क्लीनर झालो. तो ट्रक सावद्याला आबांच्या दारात बंद पडला, तेव्हा मी हौद्यात तापाने फणफणत होतो. ड्रायव्हरने गाडी नीट करून घेतली, मला गॅरेजच्या बाकड्यावर निजवलं, "माल टाकून येतो" म्हणाला आणि गेला. अजून यायचा आहे. आबांनी मला घरी नेलं. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, कळण्याची भाकर वरणात कुस्करून भरवली. उभा राहता यायला लागलं तशी आबांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. "तठे झाडू शे."

एवढंच. पुढे दहा वर्षं कुणी मला जा म्हटलं नाही, आणि राहा असंही म्हटलं नाही. म्हणून माझं गाठोडं मी कायम बांधलेलं ठेवायचो. कपडे धुतले, वाळले, की परत गाठोड्यात. अक्का हसायच्या, "काय रे, गाडी लागेल शे का तुनी?" मी पण हसायचो. पण कुणी मोठ्याने हाक मारली की आधी त्या गाठोड्याकडे नजर जायची.

मी सांगतोय ती गोष्ट नव्वदीच्या आसपासची. तोवर मी बावीस-तेवीस वर्षांचा झालो होतो आणि चेनचं काम आबा माझ्यावर सोडायला लागले होते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाची ती दातेरी चकती, तिला सगळे सॉकेट म्हणायचे. बरोबर शब्द स्प्रॉकेट आहे हे मला फार उशिरा कळलं, पण तोंडात सॉकेटच बसलंय. ते सॉकेट झिजलं की दाते एका अंगाने वाकतात, मांजराच्या नखासारखे. मग आमच्याकडची रीत अशी, की नवीन कोण घालतं? उलटं करायचं. काढून पालटून बसवलं की न झिजलेली बाजू पुढे येते, आणि आणखी दोन हंगाम निघतात. दुसरी रीत म्हणजे चेन ताठ पाहिजे. सैल चेन चालताना वाजते, आणि चेन वाजली म्हणजे मिस्त्री कच्चा, असा सगळ्या तालुक्याचा निवाडा. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की आधी खाली वाकून चेन बोटाने उचलून बघायचं. उचलली गेली की आईबहिणीचा उद्धार.

आबांची शिकवण मात्र वेगळी होती. ती मला थापडेतूनच मिळाली. एकदा दुधाच्या कॅनवाल्याची गाडी मी रिकामी उभी करून चेन ताठ ताणली. आबांनी मानगूट धरून माझं डोकं चेनपर्यंत वाकवलं आणि दोन माणसं सीटवर बसवली. गाडी स्प्रिंगवर खाली बसली, आणि जी चेन रिकाम्या गाडीवर नुसती ताठ होती ती तारेसारखी ताणली. नखाने वाजवली तर टणटण बोलत होती.

"देख," आबा म्हणाले. "पहिले वझं ठेव, मंग चेन देख. वझं नही तवय ती ढिलीच पाहिजे. मानूसनं बी तसंच शे."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी डोकं सोडलं, पण जाता जाता एक दिली.

आता खेकडा. आमच्या गिऱ्हाइकांत केळीवाले दोन भाऊ होते. थोरल्याला सगळे नाना म्हणायचे, पन्नाशीचा, शांत माणूस. धाकटा त्यांच्याहून पुष्कळ लहान, तालमीत घुमलेला, रागीट. नानांनी त्याला मुलासारखा वाढवलेला, आणि नाना दिसले नाहीत की तो माणूस बैलासारखा इकडे तिकडे बघायचा. केळीच्या बागेत ट्रॅक्टर शिरत नाही, बैलगाडी चिखलात रुतते, घड डोक्यावरून वाहायचे म्हणजे माणसांची मान मोडते. म्हणून नानांनी जुन्या मोटारसायकलचं इंजिन घेऊन एक चारचाकी बनवून घेतली होती. पुढे दोन लहान चाकं, मागे दोन जाड चाकं, मधे एकच दांडा, दांड्यावर सॉकेट आणि इंजिनपासून तिथवर चेन. मागे घड रचायला लोखंडी पाट, खाली स्प्रिंगा. ओल्या बागेत ती सरळ जायची नाही, तिरपी सरकत जायची. म्हणून तिचं नाव खेकडा. आमच्या गावात आम्ही कुर्ली म्हणतो. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलंही, ही तर कुर्लीच. धाकटा म्हणाला, "बोल बोल, मासे खाऊन खाऊन हाच माशासारखा बोलते."

मे महिन्यात, कापणी जोरात असताना, नानांनी खेकडा आमच्याकडे आणला. स्टेशनावर केळीच्या व्हॅगन लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माल चढला नाही तर पिकून काळा होणार, अशी घाई. मी मागे वाकून पाहिलं. सॉकेट एकदा पालटून झालेलं होतं. दोन्ही बाजूंनी खाल्लेले दाते, मधे नुसती टोकं उरलेली, बाभळीच्या काट्यासारखी. चेन प्रत्येक दात्यावर चढून खाली आदळत होती.

"नाना, आता पालटायला बाजू नाही उरली," मी म्हटलं. "नवीनच घालावं लागेल. चेनसकट."

"घाल," नाना म्हणाले. "मी बसतो इथी."

ते काम म्हणजे मारामारीच. चेनची दोन टोकं जोडणारं लॉक गंजून एक झालेलं. छिन्नी ठेवून घणाचे घाव घातले तेव्हा ते तुटून माझ्या भुवईत घुसलं. सॉकेटचे बोल्ट फिरेनात. पान्याला पाइप घालून लटकलो, पाना सुटला, आणि पाचही बोटांची सालं चेसीवर राहिली. केळीच्या चिकाने सगळं लोखंड काळं झालेलं, त्यात माझं रक्त मिसळलं. आबा लांबून बघत होते. "लोखंडले दया नही रे," एवढं म्हणाले. भुसावळहून आणलेलं नवीन सॉकेट बसवलं, दोरी लावून पुढच्या चकतीशी सरळ रेषेत आणलं. मग आबा, नाना आणि दोन गडी पाटावर चढून बसले. खेकडा खाली बसला. त्या वजनावर मी चेन दोन बोटं खेळेल इतपत ताणली, दांड्याचे दोन्हीकडचे बोल्ट आवळले, आणि दांडा जिथे थांबला तिथे छिन्नीने एकेक खूण ठोकली. ही खूण मी प्रत्येक गाडीला ठोकायचो. घाबरट माणसाला पुराव्याची सवय असते.

सगळे उतरले, खेकडा वर आला, आणि चेन झोळीसारखी लोंबली.

गाडी न्यायला धाकटा आला. हातात केळी कापायचा लांब विळा, सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. वाकला, चेन उचलली, सोडली. खळ्ळकन वाजली.

"हे काय व्हय? चेन हाये का पायना? झोके घेते न."

"वजन आलं की बरोबर बसते, भाऊ. रिकामी असताना सैलच—"

"तू माले शिकवशीन? तुह्या होडीले चेन राहते का रे?" त्याच्यासोबत आलेले दोघे हसले. त्याने छातीवर हात टेकवून मला ढकललं, मी चाकांच्या ढिगावर आडवा झालो. उठलो तसा पुन्हा ढकलला. "ताण म्हणतो न!"

नाना बाकड्यावरूनच बोलले. "मिस्त्रीनं केलं तसं राहू दे."

"लोक हसतीन, नाना. गावातून वाजत जाईन हे."

"हसू दे. राहू दे म्हटलं न."

धाकट्याने विळ्याचं टोक माझ्या हनुवटीखाली लावून मान वर उचलली. दुखवलं नाही, नुसतं उचलून धरलं. "तुटली न, मंग तुले दाखवतो," म्हणाला. आणि ते खेकडा घेऊन गेले, चेन वाजवत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका गाडीखाली पाठीवर पडलो होतो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर भुसावळच्या अंगाला सुसाट गेला, ट्रॉलीत माणसं उभी, एक आडवा. कुणीतरी ओरडत गेलं: खेकड्याची चेन तुटली, नानांचा पाय गेला.

नंतर तुकड्यातुकड्याने कळलं ते असं. घड रचून खेकडा बागेतून रस्त्याच्या बांधावर चढत होता, धाकटा चालवत होता. नाना पाटाच्या कडेला, चेनच्या बाजूला बसले होते. चेनवरचा पत्रा त्यांनी केव्हाच काढून टाकलेला, कारण त्यात केळीचा वाळका पाला अडकायचा. बांधावर मागची चाकं दबली, चेन तुटली, आणि तिचं टोक चाबकासारखं फिरून नानांच्या पिंढरीला गुंडाळलं गेलं. इंजिन बंद होईपर्यंत ते ओढत राहिलं.

मी गाडीखालून बाहेर आलो नाही. तिथेच डोळे मिटून पडलो, आणि मनातल्या मनात प्रत्येक नट परत आवळला. लॉक नीट बसवलं होतं? बसवलं होतं. लॉकचं तोंड मागे होतं? होतं. बोल्ट? खूण? सगळं आठवत होतं, आणि कशावरच विश्वास बसत नव्हता. तुटलेली चेन माझी होती. विळा हनुवटीखाली लागला होता तिथे खाज सुटली.

ते तासाभराने आले. बैलजोडीने खेकडा ओढत, पाठोपाठ दहा-बारा माणसं. धाकटा पुढे. सदऱ्यावर आता चिकाचे आणि रक्ताचे डाग वेगळे करता येत नव्हते. त्याने मला पाय धरून गाडीखालून ओढलं. पाठ रेतीवर खरवडत गेली. मग लाथा. पहिली बरगडीत बसली तेव्हा श्वास गेला, पुढच्या नुसत्या ऐकू आल्या. कुणीतरी केस धरून उठवलं. जमलेल्यांत रोज चहा प्यायला येणारी माणसं होती, मी ज्यांच्या सायकलींची पंक्चरं फुकट काढली होती ती होती. एकजण म्हणाला, "बाहेरगावचा ठेवला की असंच व्हते."

"मारू नका त्याले," धाकटा म्हणाला, आणि सगळे थांबले. त्याचा आवाज अगदी हळू झाला होता. "मारून काय? बोटं घेऊ त्याची. ज्या बोटांनी ढिली ठेवली ती."

खेकडा त्यांनी विटांवर चढवला. मागची चाकं अधांतरी. इंजिन चालू होतं की नाही बघायला एकाने किक मारली; पहिल्याच किकला लागलं. बंद केलं. धाकट्याने तुटलेली चेन माझ्या अंगावर टाकली.

"जोड."

मला समजलं नाही.

"जोड म्हणतो न. नवीन लॉक घाल. नीट जोड, मागच्यासारखी नको. मंग हात ठेव त्यावर."

छडी तोडून आणायला मास्तरांनी पाठवलं तेव्हा मी पळून गेलो होतो. इथे पळायला जागा नव्हती. मागे पत्रा, पुढे माणसं. आबा दाराच्या चौकटीत उभे होते, हात बांधून. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते मागच्या दांड्याकडे बघत होते.

मी जोडायला बसलो. लॉकची पिन तीनदा मातीत पडली. तुटलेली कडी काढली, चेन सॉकेटवर घातली, टोकं जुळवायला गेलो. जुळेनात. एक कडी कमी झाली म्हणून नव्हे. मी तेवढी जागा सोडली होती. दांडाच मागे ओढलेला होता. माझी छिन्नीची खूण दिसली, आणि दांडा तिच्यापासून चांगला बोटभर मागे. बोल्टांची डोकी सोललेली, मी लावला होता त्या पान्याने कधीच सोलली गेली नसती अशी. कुणीतरी पकडीने आवळली होती. कुणाला तरी गावातून चेन वाजवत जायचं नव्हतं.

मी मान वर केली. धाकटा माझ्यावर वाकूनच उभा होता. मी काय बघितलं ते त्याने बघितलं. त्याचा चेहरा एकदम पोरासारखा झाला, आता रडेल असा. मी म्हटलं, "भाऊ, ही खूण—"

पाय थेट तोंडावर आला. दात ओठात घुसले.

"खून दाखवतो? माले खून दाखवतो?" तो किंचाळायला लागला. "चालू करा रे! हात धरा त्याचा!"

दोघांनी माझा उजवा हात मनगटाशी धरला. मी मूठ वळली; एकजण बोटं एकेक करून उलगडायला लागला. त्या माणसाच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता, हे मला अजून आठवतं. मला गाव आठवलं नाही, आई आठवली नाही. एकच विचार होता: बोटं गेली की मी कशाचा? झाडूसुद्धा धरता येणार नाही. गाठोडं तरी कोण बांधेल?

आणि मग पाठीवर विजेसारखं काहीतरी पडलं.

आबांनी भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारी जुनी चेन काढली होती. दुमडून, दोन पदरी. पहिला फटका पाठीवर, दुसरा खांद्यावर. माझा हात धरलेले दोघे आपल्याला लागेल म्हणून उडी मारून बाजूला झाले.

"मना गॅरेजमा ऱ्हास! मनी भाकर खास! आनि मनंच नाव बुडावस!" प्रत्येक वाक्याला फटका. मी गुडघ्यांवर पडलो, मग आडवा. आबा थांबेनात. चेन खांद्यावरून पुढे गळ्याकडे आली आणि हासळीचं हाड मोडल्याचा आवाज मी कानाने नाही, दातांनी ऐकला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. सदरा फाटून कातडीत गेला. मी "आबा" म्हणत होतो की "आई" म्हणत होतो, माहीत नाही. अक्का घरातून धावत आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी पदर तोंडात धरला.

आता माणसं बोलायला लागली. "बस आबा." "अरे मरीन न तो." "सोडा आबा, झालं." मघाशी माझी बोटं उलगडणारा माणूसच सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. आबांना काही ऐकू येत नव्हतं. शेवटी ज्याने त्यांचं मनगट हवेतल्या हवेत धरलं तो धाकटाच होता. दोन्ही हातांनी धरलं. म्हणाला, "आबा, बस. बस करा. पाया पडतो."

आबा धापा टाकत होते. चेन खाली टाकली. म्हणाले, "मना गडी शे. मी मारा. आते कोन्ही हात लावू नका."

त्या भागात हा न लिहिलेला कायदा होता. मला तो तेव्हा माहीत नव्हता, पुढे बाजारात दोन-तीन वेळा पाहिला. गड्याला त्याच्या मालकाने सगळ्यांदेखत शिक्षा केली, रक्त काढलं, की तंटा मिटला. मग बाहेरच्याने त्याला हात लावायचा नाही. लावला तर तो मालकाला लावल्यासारखा. माणसं मागे सरली. एकेक करून गेली. बैल सोडून नेले. धाकटा सगळ्यात शेवटी गेला. विळा तिथेच विसरला.

खेकडा विटांवर तसाच राहिला.

मला हाडवैद्याकडे नेलं, त्याने खांदा बांधला. अक्कांनी पाठीला हळद लावली आणि लावताना रडत आबांना शिव्या दिल्या. आबा ऐकून घेत बसले. मी पालथा पडून ठरवत होतो: उठता आलं की निघायचं. लाथा खाल्ल्या त्याचं काही नव्हतं. पण आबांनी, जुन्या चेनने, जनावरासारखं. गाठोडं बांधलेलंच होतं.

संध्याकाळी आबा आले, माझ्यापुढे उकिडवे बसले.

"बोटे हालाव."

मी हलवली. एकेक. त्यांनी माझा हात दिव्यासारखा वर धरून पाहिला.

"बठ्ठा शेतस," ते म्हणाले. सगळी जागेवर होती.  मग माझ्याकडे न बघता: "खून माले दिसनी व्हती. दारमाईनच दिसनी."

"मग सांगितलं का नाहीत?" माझा ओठ सुजलेला, शब्द धड निघत नव्हते.

"सांगतू ते तो काय म्हनता? हा, मीच मना भाऊना पाय तोडा, असं? एवढा लोकेसमा?" आबांनी मान हलवली. "त्याले रगत पाहिजे व्हतं. मी दिधं. त्यानापेक्षा कमी दिधं."

ते उठले. जाताना माझ्या गाठोड्याला पाय लागला, त्यांनी ते उचललं, खुंटीला अडकवलं. वर, माझा मोडका हात पोचणार नाही इतकं वर.

मी गेलो नाही. माझी कृतज्ञता ही अशी आहे, कुणाला सांगायला गेलं तर वेडा म्हणतील. ज्याने हाड मोडलं त्याच्यामुळे मला दहा बोटं आहेत. पावसाळ्यात खांदा ठणकतो तेव्हा मी आबांना शिवी देतो, आणि तेव्हाच त्यांच्यासाठी हातही जोडतो. एकातून दुसरं वेगळं करता येत नाही, त्या सदऱ्यावरच्या डागांसारखं.

नानांचा पाय वाचला. पोटरी सुकली, टाच टेकत नाही, पण काठी घेऊन बागेत जायला लागले. कापणीचा हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी धाकटा गॅरेजात आला. एकटा. आबा भुसावळला सामान आणायला गेले होते. माझा हात गळ्यातून नुकता सुटला होता.

तो खेकड्याजवळ जाऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. "नाना म्हणे, चालू करून आण."

मी पाने घेतले, बसलो. चेनला नवीन कडी घातली. दांड्याचे सोललेले बोल्ट सोडवले. त्याने बाजूला उभं राहून ते बघितलं. दांडा पुढे सरकवून माझ्या खुणेवर आणला. खेकडा विटांवरून खाली घेताना त्यानेच मागची बाजू एकट्याने उचलली.

मग काम अडलं. "वजन लागेल," मी म्हटलं. "कुणीतरी बसायला पाहिजे."

दुसरं कुणी नव्हतं. तो जरा थांबला आणि बसला. पाटावर नाही, सवयीने सीटवर. उजवा पाय किकवर. खेकडा खाली दबला.

मी मागे वाकलो. चेन किती खेळते ते बघायला दोन बोटं चेनखाली घालावी लागतात, सॉकेटच्या अगदी जवळ. दुसरा उपाय नाही. मी घातली. आणि तशीच राहिली. चावी लावलेली होती. हे इंजिन पहिल्याच किकला लागतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी वर बघितलं. तो मान वळवून माझ्या बोटांकडेच बघत होता. त्याच्या गालाचा स्नायू हलत होता. मला बोटं काढता येईनात. काढली असती तर भीती कबूल झाली असती, आणि ठेवली होती तर घाम पाठीच्या जखमांतून उतरत होता.

त्याने हळूच किकवरचा पाय उचलून जमिनीवर टेकला. चावी काढली. वाकला, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"कर," म्हणाला.

मी बोल्ट आवळला. दोन बोटं. दुसऱ्या बाजूला गेलो.

"उठू का?"

"बसा. ही बाजू राहिली."

तो बसून राहिला. मी मुद्दाम वेळ लावला असं नाही, पण घाईही केली नाही. झालं म्हटलं तेव्हा उठला, खेकडा वर आला, आणि चेन लोंबायला लागली. त्याने वाकून ती उचलून बघितली नाही. कोपऱ्यात ठेवलेला विळा मी आणून दिला. त्याने तो पाटावर टाकला, सीटवर बसला आणि किक मारली. लागलं नाही. परत मारली. परत. कपाळावर घाम आला.

"मेला का रे हा खेकडा?"

मी पण पुढे होऊन कार्ब्युरेटर बघायला लागलो. वाकलो तेव्हा खिशात खुळखुळलं. चावी काढून त्याच्या हातात दिली. दोघेही हसलो नाही. पण त्याने चावी घेताना माझ्या बोटांना आपला हात लागू दिला, आणि मी बोटं मागे घेतली नाहीत.

इंजिन लागलं. खेकडा रस्त्यावर चढला आणि बाजाराच्या अंगाने, भर वस्तीतून, निघाला. चेन वाजत होती. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय भाऊ, मिस्त्री कच्चा भेटला का?" तो काय म्हणाला ते इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण गाडी थांबवली नाही, आणि चेन ताणायला खाली उतरला नाही.